खिशातली चावडी



आता तुम्हांला वाचता येऊ लागले आहे. दुकानाची पाटी, एस.टी.ची पाटी, विजेचे बिल, मुलाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी तुम्ही वाचता. मोबाईलवर आलेला निरोपही वाचता. आजचा धडा त्या निरोपाविषयी आहे. पण आधी थोडी जुनी गोष्ट सांगतो.

१. जुनी चावडी

पूर्वी गावोगाव चावडी असे. पाटील-तलाठी तिथे बसत. सारा तिथे भरायचा, तंटे तिथे मिटायचे, सरकारी हुकूम तिथे वाचून दाखवायचे. देवळापुढे पार असे. संध्याकाळी माणसे पारावर जमत. दवंडीवाला आळीआळीतून ओरडत जाई. आपले पनवेल तर वाटेवरचे गाव. खाडीत गलबते लागत. बोरघाट उतरून बैलगाड्या येत. खलाशी आणि गाडीवान मालाबरोबर बातमीही आणीत.

चावडीवर खोटे बोलणारे नव्हते का? होते की! पण एक गोष्ट होती. बोलणाऱ्याचे तोंड दिसे. तो कुणाचा कोण, त्याचा धंदा काय, त्याचे कुणाशी वाकडे आहे, हे सगळ्यांना ठाऊक असे. "अरे, तो होय! त्याचं निम्मं सोडून द्या," असे लोक म्हणत आणि पुढच्या कामाला लागत.

मात्र चावडीचे गोडवे गाऊन मी थांबणार नाही. चावडी सर्वांची नव्हती. बायका तिथे बोलत नसत. ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्यांना दूर खाली उभे राहावे लागे. त्यांच्याविषयी निर्णय होई, पण त्यांना कुणी विचारीत नसे.

'सार्वजनिक' हा शब्द तुम्ही वाचला असेल. सार्वजनिक म्हणजे सर्व जनांचे. आपल्याच जिल्ह्यात महाडला चवदार तळे आहे. ते नगरपालिकेचे तळे. ते सर्वांना खुले आहे, असा ठराव नगरपालिकेने १९२४ साली केला होता. पण ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि तिथले पाणी प्याले. जे सर्वांचे आहे, ते खरोखरच सर्वांचे असले पाहिजे, हे त्या ओंजळभर पाण्याने सांगितले.

पाण्याचे जसे, तसेच बोलण्याचे. चार लोकांत उभे राहून आपले म्हणणे मांडता येणे हाही सर्वांचा हक्क आहे. तो हक्क नसेल, तर मतपेटी नुसता डबा आहे.

२. छापील कागद

मग छापील कागद आला. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. मराठी वृत्तपत्रांचा आरंभ तो. १८४८ सालापासून गोपाळ हरी देशमुख यांनी 'प्रभाकर' पत्रात 'लोकहितवादी' या नावाने पत्रे लिहिली आणि आपल्याच समाजाला खडे बोल सुनावले. ज्यांना चावडीवर तोंड उघडता येत नव्हते, त्यांच्यासाठी बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढले.

घरी एखादे वर्तमानपत्र असेल तर शेवटचे पान उघडा. अगदी खाली बारीक अक्षरांत काय लिहिले आहे, ते वाचा. संपादकाचे नाव असते. मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव असते. छापखान्याचा पत्ता असतो. कशाला बरे? छापलेले खोटे निघाले, तर जबाब कुणाला विचारायचा, ते कळावे म्हणून. म्हणजे चावडीवर बोलणाऱ्याचे तोंड दिसे आणि कागदावर त्याचे नाव दिसे.

३. नवी चावडी

आता तिसरी चावडी आली आहे. ती आपल्या खिशात असते, पदराच्या गाठीला असते, उशाशी असते. व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब ही तिची नावे तुम्हांला मी सांगायला नकोत.

या चावडीने मोठे काम केले आहे. जिला चार पुरुषांत बोलू देत नसत, ती वहिनी आज आळीच्या ग्रुपवर लिहिते, "तीन दिवस नळाला पाणी नाही, कोण लक्ष देणार?" आणि सगळ्यांना ते वाचावे लागते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. त्याच दिवशी चिपळूण शहर पाण्याखाली गेले. कपडे, धान्य, औषधे कुठे पोचवायची, याचे निरोप मोबाईलवरूनच फिरले. ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण या चावडीवर बोलणाऱ्याचे तोंड नेहमीच दिसते असे नाही. निरोप आपल्याला भाच्याने पाठवलेला असतो. भाच्याला मित्राने, मित्राला आणखी कुणी. मूळ कोण, ते कुणालाच ठाऊक नसते. आपण मात्र म्हणतो, "आमच्या भाच्यानं पाठवलंय, तो काय खोटं सांगेल?"

थोडे गणित करू. मास्तर आहे, गणिताशिवाय मला चैन पडत नाही. तुम्ही एक निरोप पाच जणांना पाठवला. त्या पाचांनी प्रत्येकी पाचांना पाठवला. झाले २५. मग १२५. मग ६२५. मग ३,१२५. सहाव्या पायरीला १५,६२५. एका माणसाच्या एका बोटाने सुरू झालेली गोष्ट चहा थंड व्हायच्या आत पंधरा हजार माणसांपर्यंत जाऊ शकते. कुठल्या दवंडीवाल्याला हे जमले असते?

४. माझी चूक

आता जे सांगतो, ते सांगताना मला लाज वाटते. तरीही सांगतो. कारण शिकवणाऱ्याने आपली चूक लपवू नये.

२०१८ च्या मे महिन्यात मी शाळेतून निवृत्त झालो. निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी मला मोबाईल भेट दिला. नवे खेळणे! दिवसभर मी तो हातात घेऊन बसे. त्या दिवसांत एक निरोप सगळीकडे फिरत होता. मुले पळवणारी टोळी आली आहे, बाई-माणसांच्या वेशात फिरते आहे, सावध राहा. बरोबर एक चित्रफीत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यात खेळणारे मूल उचलून पळतात.

मी ते पाहिले. माझ्या डोळ्यांपुढे माझी नात आली. मी एक क्षणही विचार केला नाही. आळीच्या ग्रुपवर ते पाठवले. वर स्वतःचे एक वाक्य जोडले, "पालकांनी काळजी घ्यावी."

दोन दिवसांनी दुपारी आळीत आरडाओरडा ऐकला. खाली गेलो. एका बोहारणीला पोरांनी घेरले होते. जुने कपडे घेऊन भांडी देणारी ती बाई. तिची पाटी कलंडली होती. पातेली रस्त्यावर पडली होती. कुणी तिला आधारकार्ड मागत होते, कुणी तिचे बोचके उचकत होते. ती हात जोडून म्हणत होती, "दादा, मी नेहमी येते इथं. विचारा की कुणालाबी."

समोरचा किराणा दुकानदार धावत आला. त्याने तिला ओळखले, दुकानात आत नेले आणि दारात आडवा उभा राहिला. म्हणून पुढचे टळले. मी एका पोराला विचारले, "अरे, तुम्हांला झालंय काय?" तो माझा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच तर पाठवलं होतं. मुख्याध्यापकांनी पाठवलंय म्हणजे खरंच असणार, असं आम्ही समजलो."

मला उत्तर सुचले नाही. छत्तीस वर्षांची नोकरी. त्या नोकरीने मिळवलेला विश्वास मी एका बोटाने एका खोट्या निरोपाला उसना दिला होता. ती बाई त्यानंतर आमच्या आळीत आली नाही.

५. राईनपाडा

आमच्या आळीत एक दुकानदार होता. सगळीकडे असा माणूस नसतो.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८, रविवार. गावचा आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ही माणसे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढे भागातली. त्या मुलखातही मुले पळवणाऱ्या टोळीचे निरोप फिरत होते. लोकांना संशय आला. गर्दी जमली. पाचही जणांना मारहाण झाली. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि तिथे कोंडून इतके मारले, की पाचही जण मेले.

ग्रामपंचायतीचे कार्यालय! गावाने बसून विचार करायचा, दोन्ही बाजू ऐकायच्या, म्हणून ती जागा असते. त्याच जागेत पाच माणसांचे कुणी काही ऐकले नाही.

आणि ती चित्रफीत? ती खरी घटना नव्हतीच. पाकिस्तानात कराची शहरातल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेला तो छोटा चित्रपट होता. मूळ चित्रपटात उचलून नेणारे माघारी येतात, मूल परत ठेवतात आणि एक फलक दाखवतात, की मुलांवर लक्ष ठेवा, मूल उचलायला क्षणही पुरतो. हा शेवट कुणीतरी कापून टाकला. उरलेला तुकडा भारतभर फिरला. तोच तुकडा मी पाहिला होता.

त्या जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने दोन बदल केले. पुढे पाठवलेल्या निरोपावर तशी खूण येऊ लागली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पाठवता येईल, अशी मर्यादा आली. पुढे २०२० साली, फार वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असे केले. अशा निरोपावर दोन बाणांची खूण असते. ती खूण दिसली, की समजावे, हे शंभर हातांतून आलेले नाणे आहे. वाजवून घ्यावे. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की जमावाचा हिंसाचार रोखणे हे सरकारचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलिस अधिकारी नेमावा.

६. मग गप्प बसावे काय?

हे ऐकून कुणी म्हणेल, "नकोच ती भानगड! आपण काही लिहू नये, काही बोलू नये." नाही, बंधूंनो. तेही तितकेच वाईट.

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे मुंबईत निधन झाले. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेच्या वेळी मुंबई आणि भोवतालची गावे बंद होती. पालघरच्या एका तरुण मुलीने या बंदविषयी फेसबुकवर आपले मत लिहिले. तिच्या मैत्रिणीने ते आवडल्याची खूण केली. एवढ्यावरून पोलिसांनी दोघींना अटक केली. मुलीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. दोघी पुढे जामिनावर सुटल्या.

त्या मुलींनी कुणाला मारा म्हटले नव्हते. खोटी बातमीही दिली नव्हती. आपले मत सांगितले होते. ते तुम्हांला पटो वा न पटो.

हे प्रकरण देशभर गाजले. कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. त्या कलमात 'त्रासदायक', 'गैरसोयीचे' असे मोघम शब्द होते. कुणाला कशाचा त्रास वाटेल, याला काही माप आहे का? न्यायालयाने तीन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. एखाद्या विषयाची चर्चा करणे ही एक. आपले मत आग्रहाने मांडणे ही दुसरी. चिथावणी देणे ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टी लोकशाहीत चालायलाच हव्यात, मग त्या कुणाला कितीही कडू लागोत. तिसरीपाशी कायदा हात घालू शकतो.

आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या कलमात भाषणाचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याच कलमात त्याच्या वाजवी मर्यादाही सांगितल्या आहेत. विहीर खोदली तर तिला कठडाही बांधावा लागतो. मात्र कठड्याच्या नावाखाली कुणी विहीरच बुजवू नये.

राईनपाडा आणि पालघर ही दोन नावे शेजारी शेजारी ठेवा. एका ठिकाणी खोटी बातमी मोकळी सुटली आणि माणसे मेली. दुसऱ्या ठिकाणी साध्या मताला बेडी पडली. आपल्याला याच्या उलट हवे. मत मोकळे असावे. बातमी तपासलेली असावी.

७. ज्याची त्याची चावडी

आणखी एक सांगायचे आहे. जुन्या चावडीवर सगळे एकच बोलणे ऐकत. मग त्यावर भांडत. खिशातल्या चावडीवर ज्याला त्याला वेगळे ऐकू येते. असे का होते?

फेसबुक, यूट्यूब फुकट वाटतात. पण त्या कंपन्या आहेत आणि जाहिरातींवर पैसे मिळवतात. आपण जितका वेळ पडद्याकडे पाहू, तितका त्यांचा फायदा. म्हणून आपण ज्याच्यावर थांबतो, तसलेच पुन्हा पुन्हा पुढे येते. आणि रागावलेला माणूस मोबाईल लवकर खाली ठेवीत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

आपली पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, फार जुनी. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली. तिची पहिली निवडणूक मे २०१७ मध्ये आणि दुसरी जानेवारी २०२६ मध्ये झाली. निवडणूक आली, की एका ग्रुपवर एकाचीच स्तुती येते आणि दुसऱ्यावर दुसऱ्याचीच. दोन्ही घरे एकाच आळीतली, एकाच नळाची. पण दोघांना दोन वेगळी पनवेल दिसतात! असे झाले तर नळाच्या पाण्याविषयी एकत्र बसून बोलायचे कुणी?

म्हणून मोबाईलवर वाचा, पण तेवढ्यावर भागवू नका. शेजाऱ्याच्या ओट्यावर जा. उमेदवार दारी आला, तर त्याला तोंडावर विचारा, "पाण्याचं काय करणार? गटाराचं काय?" सरकारी कामाची माहिती हवी असेल, तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. साधा अर्ज लिहावा, दहा रुपये शुल्क भरावे. साधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. शंभर रागावलेल्या निरोपांपेक्षा असा एक अर्ज जड असतो.

८. चार प्रश्न

निरोप पुढे पाठवण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारा.

हे मुळात कोण सांगतो? नाव, पत्ता, कार्यालय काही आहे का?

हे कधीचे आहे? तारीख आहे का?

हे कुठले आहे? आपल्या गावचे, की दुसऱ्याच मुलखाचे?

हेच मी भर चौकात, माझे नाव सांगून, मोठ्याने बोलेन का?

चौथ्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर आले, तर बोट मागे घ्या. आणि कुणाविषयी खराच संशय आला, तर जमाव करू नका. ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवा.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक मावशी येतात. धुण्याभांड्यांची कामे करतात. वय पन्नाशीच्या पुढे. पूर्वी त्यांना वाचता येत नव्हते. आलेले चित्र त्या तसेच पुढे ढकलत. परवा त्यांच्या ग्रुपवर निरोप आला, "उद्यापासून नळाचे पाणी पिऊ नका, पाण्यात विष आहे." बायका घाबरल्या. कुणी बाटल्या आणायला धावल्या. मावशींनी चष्मा लावला. एकेक अक्षर जुळवत निरोप वाचला. मग ग्रुपवर आपल्या हाताने, मोडक्या अक्षरांत लिहिले, "ताई हे कोनी सांगीतल. तारीक कुठ आहे."

बराच वेळ कुणी काही लिहिले नाही. मग एकीने महानगरपालिकेच्या कार्यालयात फोन केला. तसे काहीच नव्हते. निरोप दुसऱ्याच कुठल्या शहरातला, जुना होता.

मावशींनी दुसऱ्या दिवशी मला तो मोबाईल दाखवला. म्हणाल्या, "गुरुजी, शुद्धलेखनाच्या चुका काढू नका हां." मी चुका काढल्या नाहीत. मी मुख्याध्यापक असून २०१८ साली जो प्रश्न विचारला नाही, तो त्यांनी विचारला होता.

वाचता येणे म्हणजे नुसते अक्षर ओळखणे नव्हे. वाचून थांबता येणे, आणि थांबून विचारता येणे, हे खरे वाचणे. चावडी आता तुमच्या खिशात आहे. तिथे बोला, न भिता बोला. पण असे बोला, की उद्या एखादी बोहारीण तुमच्या आळीतून निर्धास्त जाईल.

स्वाध्याय

१. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर खाली कोणती नावे असतात? ती कशासाठी?

२. मत आणि बातमी यांत फरक काय? तुमच्या मोबाईलवर आज आलेले एक मत आणि एक बातमी वहीत लिहा.

३. एक निरोप प्रत्येकाने चार जणांना पाठवला, तर पाचव्या पायरीला तो किती जणांना जाईल?

४. तुमच्या आळीतल्या एका अडचणीविषयी महानगरपालिकेला पाच ओळींचा अर्ज लिहा. खाली तारीख आणि स्वतःचे नाव लिहायला विसरू नका.